शिक्का माझ्या पर्समध्ये होता

अमेरिकेत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो माझ्या शिक्क्याबद्दल. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझी पर्स टेबलावर उलटी केली आणि रुमाल, बडीशेपेची डबी, गुडघ्याचं मलम या सगळ्यातून नेमका लाकडी मुठीचा पितळी शिक्का उचलून दिव्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"चर्चचा शिक्का."

"तुम्ही धर्मगुरू आहात?"

"नाही. सेक्रेटरी."

त्याने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने शिक्क्याबरोबरच्या जांभळ्या शाईच्या पॅडमध्ये बोट बुडवून पाहिलं आणि ते पुसायला माझाच पांढरा रुमाल घेतला. वीस तासांच्या प्रवासानंतर माझा जो पारा चढला, तो पुढचे तीन आठवडे फारसा उतरला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे हे वर्णन वाचून कुणी अमेरिकेच्या सौंदर्याची वाट पाहत बसणार नाही.

नगरच्या आमच्या चर्चच्या कमिटीची मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे. त्याआधी मुख्याध्यापिका होते. शिक्का मी कुणाच्या हाती देत नाही, कारण माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी तो खणात ठेवला होता आणि खण उघडा राहिला तेवढ्यात चर्चमागच्या मैदानाचा भाडेकरार होऊन गेला. ते मैदान कोर्टातून सोडवता सोडवता माझे केस पांढरे झाले. तेव्हापासून शिक्का माझ्या पर्समध्ये असतो. बाजारात, दवाखान्यात आणि आता अमेरिकेत.

हर्नडन

धाकटा भाऊ वसंत एकतीस वर्षं व्हर्जिनियातल्या हर्नडनला आहे. सॉफ्टवेअरमध्ये होता, आता निवृत्त. त्याची बायको रूथ चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या काळात ख्रिस्तवासी झाली. विमानं बंद होती, मला येता आलं नाही. वसंतने तिचं दहन केलं आणि रक्षा तिथल्या चर्चच्या बागेत ठेवली. फोनवर हे ऐकून मी त्याला बोलू नये ते बोलले. आपल्यात दहन करतात का? आई-बाबांच्या कबरींशेजारी तुमच्या दोन जागा राखून ठेवल्यात त्या कशासाठी? नगरच्या रजिस्टरमध्ये मी रूथच्या मृत्यूची नोंद केली, पण दफनाच्या ठिकाणाचा रकाना रागाने कोरा ठेवला. तो चार वर्षं कोराच होता.

आता मी आले होते ते वसंतच्या फोनमुळे. "ताई, चर्च बंद होतंय. विकायचं म्हणतायत. बागेसकट." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. रूथ गेली तेव्हाही त्याने असाच ठेवला होता.

हर्नडनच्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही, गाड्या दिसतात. ऑक्टोबर होता. प्रत्येक दारात हे एवढाले भोपळे मांडून ठेवलेले, आणि भाजी कुणीही करत नाही! महिनाभर शोभेला ठेवतात आणि मग फेकून देतात. वसंतच्या दारातला भोपळा मी दुसऱ्याच दिवशी चिरला. नुसतं पाणी. त्याच्या घाऱ्या थापता थापता माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून भाचीने कॉलवरच्या सगळ्यांची माफी मागितली.

भाचीचं नाव मेघना. तिचा जन्म इथलाच, पण नोकरी आणि चर्च दुसऱ्या शहरात; मी आले म्हणून बापाच्या घरून कॉलवर काम करत होती. मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत सुरू होतं आणि दया आली की मराठीत उतरतं.

संध्याकाळी शेजारचे देशपांडेकाका अळूवड्या घेऊन आले. तिथल्या मराठी मंडळाचे ते जुने पदाधिकारी. माणूस प्रेमळ. वसंतने सांगितलं, ताई चर्चच्या मीटिंगसाठी आली आहे. तर काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण ताई, तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता!"

"मग काय बोलू? लॅटिन?" मी म्हटलं.

चार पिढ्या आम्ही ख्रिस्ती आहोत आणि चाळीस पिढ्या नगर जिल्ह्यातले. सातासमुद्रापलीकडे येऊनही हे ऐकावंच लागतं! काका बिचारे ओशाळले आणि विषय बदलायला म्हणाले, "वसंतराव, मीटिंगला व्होट आहे ना तुम्हाला? आमच्या मंडळात मेंबरशिप रिन्यू नसेल तर गणपतीच्या मीटिंगला नुसता चहा प्यायचा. व्होट नाही, यार. किती लोकांची भांडणं झाली!"

"बघू," म्हणून वसंत वडी खात राहिला. त्याने मान वर केली नाही हे मला दिसलं होतं. मला वाटलं, वडी तिखट असेल.

शनिवार, बाग

चर्च लहान, विटांचं, पांढऱ्या खिडक्यांचं. मागच्या भिंतीला लागून बाग. मी कबरी शोधत होते आणि तिथे कबर एकही नव्हती. भिंतीवर पितळी पट्ट्यांत नावं आणि खाली शेवंती फुललेली. आपल्यासारखी पिवळी आणि तांबूस.

"मम्मीने लावली," मेघना म्हणाली. "She dug all of this herself. ज्या कॉर्नरला ती आहे ना, आत्या, तिथेच."

"डबा कुठे पुरलाय?"

"No डबा. इथे अ‍ॅशेस डायरेक्ट मातीत मिक्स करतात. रूलच आहे तसा."

मी खाली पाहिलं. मी शेवंतीच्या आळ्यातच उभी होते. चटकन मागे सरकले, आणि मला रडू आलं. चार वर्षं ज्या बाईवर राग धरला तिच्या मातीवर मी चपला घालून उभी होते. काही चूक नसताना राग धरला होता मी तिच्यावर.

तण काढत बसलेल्या एक बाई हात पुसत उठल्या. मार्था त्यांचं नाव. वय पंच्याहत्तरच्या पुढे. निवृत्त वकील आणि या चर्चच्या वॉर्डन, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुख. इथे चर्चचा कारभार वेस्ट्री नावाची समिती पाहते. समिती सभासदांनी निवडायची आणि पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, बोलवायचं तेही समितीने. मी सेक्रेटरी आहे म्हटल्यावर त्या खुलल्या आणि सुक्या सँडविचचा अर्धा तुकडा देऊन त्यांनी मला आपल्या चर्चचा इतिहास ऐकवला.

इंग्रजांच्या काळी इथे बिशपच नव्हता. बिशप लंडनमध्ये, मधे समुद्र. म्हणून व्हर्जिनियातले तंबाखूचे मळेवाले वेस्ट्रीत बसत आणि सगळं ठरवत. पाळकाचा पगारसुद्धा तंबाखूत. मग अमेरिकनांनी राजाला हाकललं आणि पंचाईत झाली. बिशप हवा, पण इंग्लंडचे बिशप राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय अभिषेक करीनात. मग एकजण स्कॉटलंडला जाऊन बिशप होऊन आला. पुढे यांनी चर्चची स्वतःची घटना लिहिली. बिशप एका सभागृहात, आणि दुसऱ्यात पाळक आणि साधी माणसं बरोबरीने. साध्या माणसांच्या मताशिवाय कायदा होत नाही.

"साधी माणसं म्हणजे कोण?" मी विचारलं. "मळ्यात राबणारे गुलाम?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ते चर्चच्या वरच्या माडीवर उभे राहायचे. आणि बायकांना तर त्या सभागृहात बसायला मी वकील होण्याच्या सुमारास परवानगी मिळाली."

हे त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून मला त्या आवडल्या. पण राग आलाच. राजा नको म्हणून लढाई करायची आणि माडीवरच्या माणसाला खाली बोलवायला इतकी वर्षं लावायची! आमच्याकडे निदान एवढं झालं. माझ्या पणजोबांना गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते. त्यांचं नाव कागदावर पहिल्यांदा लागलं ते चर्चच्या रजिस्टरमध्ये. बापाच्या नावासकट, शाईने. ते रजिस्टर मी आजही कापडात बांधून ठेवते. यादी ही माझ्यासाठी नुसती यादी नाही.

"आणि ही जागा कुणाची?" मी विचारलं.

"आमची. म्हणजे आमच्या नावावर. पण चर्चच्या कायद्याप्रमाणे आम्ही ती वरच्या, म्हणजे बिशपच्या, धर्मप्रांतासाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो. इथे मागे काही चर्चच्या मंडळ्या फुटून बाहेर पडल्या तेव्हा यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. उद्या आम्ही विकायचं ठरवलं तरी बिशप आणि त्यांच्या समितीची लेखी संमती लागेल."

"मग संमती देणार नाहीत."

"देतील," मार्थाबाई म्हणाल्या. "आम्ही मागितली तर देतील. म्हणून उद्याचं मत महत्त्वाचं."

रविवार, सभा

उपासनेनंतर सगळे मागच्या हॉलमध्ये जमले. आधी जेवण. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. मॅकरोनीच आठ प्रकारची, मीठ एकीतही नाही. वसंतने रूथच्या पद्धतीची खिमा-पॅटिस केली होती, ती सगळ्यात आधी संपली. तीन बायकांनी मला येऊन सांगितलं की रूथ दर वर्षी हेच करायची. एकीचे डोळे भरले. मला बरं वाटलं. म्हटलं, ही माणसं आपली आहेत, आता मत आपल्याच बाजूने.

ठराव वाचला गेला. माणसं कमी झाली, छप्पर गळतं, शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये विलीन व्हावं, जागा विकावी. बागेतली माती "आदरपूर्वक उचलून" नव्या ठिकाणी नेली जाईल.

आदरपूर्वक! खोऱ्याने की फावड्याने? किती खोल? शेवंतीच्या मुळापर्यंत की त्याखाली? माती आणि माणूस एक झाल्यावर त्यातून माणूस वेगळा काढायचं यंत्र अमेरिकेत निघालंय का? मी हे सगळं मेघनाच्या कानात बोलत होते, आणि पुढच्या दोन रांगा वळून पाहत होत्या.

वसंत उठला. माझा हा भाऊ चारचौघांत कधी बोलत नाही. त्याने लिहून आणलेला कागद उघडला. "माझी पत्नी या बागेत आहे," त्याने इंग्रजीत सुरुवात केली. "बाग विक्रीतून वगळावी अशी दुरुस्ती मी..."

टेबलामागच्या चष्मेवाल्या गृहस्थाने हात वर केला. सभासदांची यादी त्याच्यासमोर होती. त्याने बोट वरून खाली नेलं, पुन्हा वर आणलं.

"वसंत, फार वाईट वाटतं. तुझं नाव यादीत नाही. तू बोलू शकतोस. दुरुस्ती मांडता येणार नाही, आणि मतही देता येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. माझं इंग्रजी शाळेतलं आहे, पण मुख्याध्यापिकेचं आहे. "एकतीस वर्षं हा इथे येतोय," मी म्हटलं. "याच्या बायकोने तुमच्या वेदीची वस्त्रं शिवली, तुमच्या पोरांना रविवारची शाळा शिकवली. तिची पॅटिस आत्ता तुमच्या पोटात आहेत. आणि याचं नाव यादीत नाही? कुठला कायदा हा? तंबाखूवाल्यांचा?"

ते गृहस्थ रागावले नाहीत, याचा मला आणखी राग आला. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही त्याला दोनदा वेस्ट्रीवर उभं राहायला सांगितलं. रूथलाही बागेच्या समितीची प्रमुख करायचं होतं. त्यासाठी आधीच्या चर्चचा दाखला लागतो, फक्त तेवढाच. आम्ही वाट पाहिली. तो कधी आलाच नाही."

"का आला नाही?" मी वसंतकडे वळून मराठीत ओरडले.

वसंतने माझ्याकडे पाहिलं. मग त्या गृहस्थाकडे पाहून इंग्रजीत म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं. आय फर्गॉट."

आणि तो खाली बसला.

तो विसरला नव्हता. त्याने मला तीन पत्रं लिहिली होती. पहिलं मेघना शाळेत असताना, दुसरं त्याला वेस्ट्रीवर बोलावलं तेव्हा, तिसरं रूथच्या हस्ताक्षरात. 'ताई, आमचे दोघांचे दाखले पाठवाल का?' शाळा बदलताना दाखला काढतात तसाच हा दाखला. आमच्याकडून नाव काढायचं, तिकडे लावायचं. दोन ओळी आणि एक शिक्का. आणि मी तिन्ही वेळा उत्तर दिलं होतं की नाव काढलं तर आई-बाबांच्या शेजारच्या जागा जातील, नियम आहे. परदेशात कुणाचा भरवसा? नाव नगरलाच राहू दे. तिसऱ्या पत्रानंतर त्यांनी मागितलं नाही. आमच्यात मोठ्या बहिणीला दोनदा विचारतात, फार तर तीनदा.

आणि मी काय सांगू, मला तेव्हा आपण कुटुंब राखतोय असंच वाटत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी सातासमुद्रापार आले, आणि मुसळ पितळेचं होतं, मांडीवरच्या पर्समध्ये.

पर्स उघडून मी शिक्का बाहेर काढला. "मी आत्ता लिहून देते," मी म्हटलं. मार्थाबाई जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आजच्या सभेला चालणार नाही. इथल्या नियमात सभेच्या तीस दिवस आधी नाव लागायला हवं."

नियम बरोबर होता. मीही तोच लावला असता. नगरला तर मी साठ दिवसांचा लावते.

ठराव अकरा मतांच्या फरकाने मंजूर झाला. चष्मेवाल्या गृहस्थाने येऊन वसंतला मिठी मारली. आपल्याविरुद्ध मत देऊन आपल्यालाच मिठी मारायची ही पद्धत मला शेवटपर्यंत पचली नाही.

सोमवार, स्वयंपाकघर

सकाळी मी वसंतला विचारलं, "सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

त्याने चहा गाळत म्हटलं, "तू पाहुणी होतीस ना, ताई."

एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

दुपारी मार्थाबाई आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विक्रीला बिशपची आणि त्यांच्या समितीची संमती अजून मिळायची आहे. त्यांच्यापुढे अर्ज करता येईल की इमारत विका, पण बाग वगळा आणि तिथे जायची वाट राखा. अर्ज सभासदांनी करायचा. बागेची जबाबदारी कायमची घेणारा कुणीतरी सभासद लागेल, आणि ज्याचं माणूस त्या मातीत आहे असा कुणी असेल तर समिती नाही म्हणायला कचरेल.

"कायमची म्हणजे?" मेघनाने विचारलं. "बाबा, you'd have to stay here. Like, for good."

"आणि नंतरही," वसंत म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "ताई, मला तिकडे नाही यायचं. मला इथे, तिच्या शेजारी... मला किती दिवस सांगायचं होतं."

मी लहान होते तेव्हा या पोराला पाठुंगळी घेऊन आई-बाबांबरोबर कबरस्तानाच्या भिंतीला चुना लावायला जात असे. तिथल्या तीन जागा माझ्या डोळ्यासमोर पक्क्या होत्या. त्याची, रूथची आणि माझी. मला फार वाईट वाटलं. हे लपवून काय उपयोग? पण नगरला दोन जागा राखायला मी इकडे दोघांची जागा घालवली होती, आणि आता वाईट वाटण्याचा हक्क माझा नव्हता.

"कागद आण," मी मेघनाला म्हटलं. "रेघांचा."

दाखला मी मराठीत लिहिला, खाली इंग्रजीत. सदर गृहस्थ आमच्या मंडळीचे बाप्तिस्मा व दृढीकरण झालेले सभासद असून त्यांची वर्तणूक उत्तम आहे. सही केली. शिक्का शाईत दाबला, कागदावर टेकवला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. विमानतळावर तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आता मी नीट उत्तर देऊ शकले असते. वसंतने कागद घेतला आणि शाई वाळेपर्यंत हातावर आडवा धरून उभा राहिला.

"सलाम, ताई," तो म्हणाला. आमच्यात निरोप घेताना म्हणतात तसं.

नगर

परत येऊन चार महिने झाले. इमारत विकली गेली. बाग वगळली, वाट राखली, असं मार्थाबाईंनी कळवलं. कमिटीत मी शिक्क्यासाठी कुलपाचं कपाट मागून घेतलं आहे आणि दुसरी किल्ली खजिनदारांकडे दिली आहे. दाखले मागणारे पाच जुने अर्ज माझ्या फायलीत निघाले. पुणे, औरंगाबाद, दुबई. पाचही देऊन टाकले. लोकांना वाटतं, ताई अमेरिकेला जाऊन मऊ झाल्या. मऊ कसली? माझा राग तेवढाच आहे, फक्त आता तो कुणावर धरायचा हे कळतं.

बाग राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी कापडातून रजिस्टर सोडवलं. आधी रूथचं पान काढलं. दफनाचं ठिकाण, या कोऱ्या रकान्यात लिहिलं: हर्नडन, शेवंतीच्या आळ्यात. मग वसंतचं पान. त्याच्या नावावर लाल रेघ मारली. पुढे नाव कमी करण्याच्या कारणाचा रकाना असतो. तिथे आम्ही नोकरी, विवाह किंवा स्थलांतर असं काहीतरी लिहितो.

मी लिहिलं: पत्नी तिथे आहे.